आण्णांची पल्टण, गावची चावडी : एका माजी सैनिकाच्या आठवणी नोंदवताना

आमचे थोरले चुलत आजोबा, ज्यांना सगळे गाव आण्णा म्हणते, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पल्टणीत होते आणि १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर लढले. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, त्या कागदपत्रांशी ताडून पाहणे आणि त्यांच्याच संमतीने लिहून काढणे हे काम मी २०२३ च्या दिवाळीनंतर हाती घेतले आणि ते २०२४ च्या डिसेंबरात पूर्ण झाले. सातारा जिल्ह्यात, त्यातही आमच्या पाटण तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर, फौजेतून पेन्शनीवर आलेली माणसे घरोघरी आहेत. त्यांच्या नातवंडांना त्यांचे बोलणे जपून ठेवावेसे वाटते, पण कागद कोणाकडे मागायचे, प्रश्न कोणते विचारायचे आणि वयस्कर माणसाला त्रास न होता हे कसे करायचे, हे सांगणारे कोणी भेटत नाही. म्हणून जे जसे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

निमित्त झाले ते हयातीच्या दाखल्याचे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबरात हा दाखला द्यावा लागतो, आणि त्यासाठी आण्णांनी पत्र्याच्या पेटीतून आपले डिस्चार्ज बुक बाहेर काढले होते. त्याची पाने मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली. सैनिक क्रमांक, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, वडिलांचे नाव, गाव, तालुका, शरीरावरील ओळखीच्या खुणा, मिळालेली पदके, सगळे त्यात होते. मात्र घड्यांवरची शाई उडत चालली होती. त्याच संध्याकाळी मी प्रत्येक पानाचे दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढून ठेवले. ज्यांच्या घरी असे पुस्तक आहे त्यांनी मुलाखतीचा विचार पुढे ढकलला तरी चालेल, पण हे फोटो काढणे पुढे ढकलू नये. या पुस्तकाला लॅमिनेशनही करू नये, कारण एकदा प्लॅस्टिक बसले की पुढे कोणत्याही कार्यालयात मूळ कागद म्हणून ते दाखवताना अडचण येते आणि कागदही आत खराब होत राहतो.

पेटीत पदकेही होती. ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीसाठीचे पदक), ‘संग्राम मेडल’ आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक अशी ती तीन पदके फडक्यात गुंडाळलेली होती. संग्राम मेडलच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक आणि नाव कोरलेले असते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. भिंग घेऊन मी एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले आणि आण्णा डोळे मिटून, पुस्तकाकडे न पाहता, माझ्या आधीच पुढचा आकडा सांगत गेले. पन्नास वर्षांनंतरही स्वतःचा सैनिक क्रमांक त्यांच्या तोंडात इतका पक्का होता, हे पाहिल्यावर हे काम करायचेच असे मी ठरवले.

साहित्यावर फार खर्च करावा लागला नाही. मोबाइलला लावायचा, सदऱ्याला अडकवता येणारा माइक साधारण हजार रुपयांना मिळाला आणि ध्वनिफिती ठेवण्यासाठी दोन पेन ड्राइव्ह घेतले. जागा ठरवण्यात मात्र वेळ गेला. सोप्यात बसलो तर रस्त्यावरची वाहने आणि कोंबड्या, माजघरात बसलो तर पंखा, असे होत होते. अखेर थंडीच्या दिवसांत पंखा बंद ठेवता येतो म्हणून माजघर ठरले. आण्णांना उजव्या कानाने कमी ऐकू येते, त्यामुळे मी त्यांच्या डाव्या हाताला बसत असे आणि आवाज चढवण्याऐवजी थोडा खालच्या पट्टीत, सावकाश बोलत असे. सकाळचा चहा झाल्यावर पाऊण तासाच्या आत थांबायचे, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला, कारण त्यापुढे ते दमतात आणि दमले की घटना आवरत्या घेऊन सांगू लागतात.

पहिल्या काही बैठकांत मी युद्धाचा विषयच काढला नाही. भरतीला कोणाबरोबर गेलात, बेळगावला पोहोचल्यावर पहिले जेवण काय मिळाले, घरी पत्र कोण लिहून देई, सुट्टी काटायला यायचे तर कराडपासून पुढे कसे येत होतात, असे प्रश्न विचारले. ‘लढाईचा अनुभव सांगा’ म्हटले की बहुतेक जुने फौजी पंधरा ऑगस्टला शाळेत केलेले भाषणच पुन्हा सांगतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही; वर्षानुवर्षे त्यांना तेवढेच विचारले गेले आहे. लंगर (फौजेचे स्वयंपाकघर), पिट्टू (पाठीवरची पिशवी), बूट, थंडी, पत्रे यांच्याविषयी विचारले की माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सांगू लागतो. घरी आलेल्या त्यांच्या जुन्या पत्रांपैकी दोन आजींनी जपून ठेवली होती. पत्त्यात गाव नाही, प्रांत नाही, केवळ पल्टण आणि ‘९९ एपीओ’ (लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक) एवढेच. मुलगा देशाच्या कोणत्या टोकाला आहे हे घरच्यांना त्या पत्रावरून कळत नसे, आणि आण्णांच्या आई ते पत्र आल्यावर शाळेतल्या गुरुजींकडे घेऊन जात व ‘हे कुठं आलं?’ असे विचारत, हे आजींनी त्याच वेळी सांगितले. अशा कामात घरातील बाईमाणसांनाही शेजारी बसवावे. लढाईच्या काळात गावात काय चालले होते, ते त्यांनाच माहीत असते.

जानेवारी २०२४ मध्ये आण्णा आपण होऊन जमालपूरच्या लढाईच्या विषयावर आले. वाचकांच्या सोयीसाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला उघड तोंड फुटले. पूर्वेकडे, आजच्या बांगलादेशात, मेघालयाच्या बाजूने आपली ९५ माउंटन ब्रिगेड दक्षिणेकडे सरकत होती. ४ डिसेंबरला कमालपूरची चौकी शरण आली आणि पुढचा मोठा अडसर होता जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठावरील जमालपूर, जिथे ३१ बलुच ही पाकिस्तानी पल्टण मोर्चे (खंदक) बांधून बसली होती. पहिली मराठा, जिचे कमांडिंग ऑफिसर तेव्हा लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार होते, नदी ओलांडून जमालपूरच्या पिछाडीला गेली आणि तिने ढाक्याकडे जाणारी वाट अडवली. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री वेढ्यातून फुटून निघण्याचा पाकिस्तानी तुकडीचा प्रयत्न या अडथळ्यावर मोडला आणि ११ तारखेला सकाळी जमालपूर पडले. या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याविषयी पाठवलेले पत्र आणि त्याला पाकिस्तानी कर्नलने काडतूस गुंडाळून दिलेले उत्तर हा प्रसंग अनेकांनी वाचलेला असतो. मी तो विचारला तेव्हा आण्णा शांतपणे म्हणाले, ‘ते आमाला मागनं कळलं. आमी आमच्या मोर्च्यात.’

त्यांनी स्वतः पाहिलेले युद्ध त्यांच्या मोर्च्यापासून दोन शेते पलीकडेपर्यंतचे आहे, आणि माझ्या मते या नोंदीचे मोल त्यातच आहे. त्यांचे शब्द ध्वनिफितीतून जसेच्या तसे उतरवते : ‘रातच्याला नावंत बसलो. सुभेदार सायब म्हनले, कुनी खोकायचं न्हाई. पानी लई गार. पल्याड उतरलो तर भात कापून झालेलं, धसकाटं पायाला लागायची. आपल्या हितल्यावानीच भुई. मला वाटलं, ह्या मळ्याचा मालक कुठं पळाला आसंल?’ हे सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप मॅगझिन चढवल्यासारखा हलत होता. ध्वनिफितीत हात दिसत नाहीत. म्हणून बोलताना माणूस जे करून दाखवतो ते त्याच वेळी वहीत टिपून ठेवावे लागते, शक्यतो वेळेसकट.

याच भागात एक गुंता निर्माण झाला. ‘आकरा डिसेंबर, पहाटंची वेळ, भुई हालली,’ असे आण्णा म्हणाले आणि पुढच्या दोन वाक्यांत घराची पाख कोसळल्याचे, गुरे दावी तोडून पळाल्याचे आणि आईला बाहेर ओढून काढल्याचे सांगू लागले. नंतरच्या एका बैठकीत तीच तारीख, तीच पहाट, पण हादरा तोफांचा आणि समोर भाताचे शेत. ऐकणाऱ्याला सहज वाटेल की वयामुळे सरमिसळ झाली. मी त्यांना मध्येच थांबवले नाही, दुरुस्तही केले नाही, दोन्ही कथने पूर्ण होऊ दिली. घरी येऊन पडताळले तेव्हा उलगडा झाला. कोयनेचा मोठा भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, आणि जमालपूर पडले ते ११ डिसेंबर १९७१ च्या सकाळी. डिस्चार्ज बुकातील भरतीची तारीख १९६८ मधील आहे, म्हणजे भूकंपाच्या पहाटे आण्णा घरीच होते. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. चार वर्षांच्या अंतराने एकाच तारखेला त्यांच्या पायाखालची जमीन हलली आणि त्यांच्या मनात त्या दोन पहाटा शेजारी शेजारी राहिल्या आहेत.

पुढच्या वेळी मी केवळ एवढे विचारले की, ‘आण्णा, भूकंपाच्या वेळी तुम्ही भरती झाला होता का?’ त्यावर त्यांनी भूकंपाची हकीकत सलग सांगितली : कित्येक दिवस गाव उघड्यावर झोपत होते, माणसे दगडामातीच्या घरात पाऊल टाकायला घाबरत होती, नंतर पत्रे आले आणि गावात पहिल्यांदाच पत्र्याची घरे उभी राहिली. कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतून उठून आलेले त्यांचे मामा त्या रात्री त्यांच्याच घरी होते. फौजेत जाण्याचा निर्णय त्या पडझडीनंतरचा आहे, घर पुन्हा बांधायला रोख पैसा हवा होता म्हणून, हे मला त्या दिवशी समजले. सैनिकाच्या आठवणींतून गावाचा इतिहास वेगळा काढता येत नाही. एकाचा धागा ओढला की दुसरा आपोआप पुढे येतो.

फेब्रुवारीत एका सकाळी, आपल्याच सेक्शनमधील (पल्टणीतील छोट्या तुकडीतील) एका जोडीदाराविषयी बोलताना, आण्णांनी हात वर करून माइक बंद करायला सांगितले. मी तो बंद केला, सदऱ्यावरून काढला आणि टेबलावर त्यांना दिसेल असा ठेवला. त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते कोठेही लिहायचे नाही असे त्यांचे म्हणणे आहे आणि म्हणून ते येथेही लिहीत नाही. त्या आठवड्यात आम्ही पुढची बैठक घेतली नाही. आजींनी मला नंतर सांगितले की दोन रात्री त्यांना झोप लागली नव्हती. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ही बाजू आधीच लक्षात घ्यावी. अवघड विषय निघाला तर बैठक तिथेच सोडून लगेच उठून जाऊ नये. शेतीचे, नातवंडांचे, पावसाचे बोलणे होईपर्यंत बसावे, आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांकडे चौकशी करावी.

कागदपत्रांचे काम मार्चमध्ये सुरू केले. डिस्चार्ज बुकातील एक पान इतके विरले होते की कोणत्या साली कोठे नेमणूक होती ते वाचता येत नव्हते. त्यासाठी आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तेथे सांगण्यात आले की सेवेचा तपशील बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे असतो आणि अर्ज माजी सैनिकाच्या स्वतःच्या सहीने जायला हवा. नातवाने किंवा पुतण्याने आपल्या नावाने अर्ज केला, अगदी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून केला, तरी दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती म्हणून तो कलम ८ खाली नाकारला जाऊ शकतो. हयात व्यक्तीच्या बाबतीत तिच्याच सहीचा साधा अर्ज अधिक सरळ पडतो. अर्जात सैनिक क्रमांक, हुद्दा, पल्टण, भरती आणि निवृत्तीच्या तारखा लिहिल्या. सोबत डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानांची आणि माजी सैनिक ओळखपत्राची छायाप्रत जोडली, आणि स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट ठेवले. नोंदणीकृत टपाल, छायाप्रती आणि पाकिटे मिळून शंभर रुपयांच्या आत काम झाले. टपालाची पावती फिकी पडते, म्हणून तिचाही फोटो काढला.

त्यानंतर वाट पाहणे आले. मध्यंतरी लोकसभेची निवडणूक होती, साताऱ्याचे मतदान ७ मे रोजी झाले, आणि त्या दिवसांत बहुतेक कार्यालयांतील माणसे निवडणुकीच्या कामावर होती. एका कार्यालयात आमचा कागद टेबलावरून पुढे सरकला नव्हता आणि विचारल्यावर ‘पुन्हा अर्ज द्या’ असे उत्तर मिळाले. मूळ अर्जाची पोचपावती दाखवली तेव्हा तोच कागद शोधून काढण्यात आला. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत करून तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घेणे यासाठीच आवश्यक असते. उत्तर अखेर जूनच्या अखेरीस आले. त्यात आण्णांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग पेन्शनच्या कागदांपेक्षा वेगळे होते आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नव्हती. त्या काळी भरतीच्या वेळी अनेकांचे वय अंदाजाने लिहिले गेले. आठवणींच्या वहीत मी दोन्ही तारखा, कोणती कोठून आली ते नमूद करून, लिहिल्या. पेन्शनच्या नोंदीत फरक असेल तर मात्र तो दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी पत्नीला त्याचा त्रास होतो.

वाट पाहण्याच्या त्याच महिन्यांत चावडीच्या भिंतीतील संगमरवरी पाटीकडे वळलो. आमच्या भागातील बऱ्याच गावांत अशी पाटी आहे : या गावातून पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१९ या काळात, किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. नाव एकाचेही नसते. आण्णांचे आजोबा ‘बसऱ्याची लढाई’ (बसरा म्हणजे आजच्या इराकमधील शहर) म्हणून काही गोष्टी सांगत आणि आण्णांना त्यांतील एक-दोन नावे आठवत होती. पाटीवर चुन्याचे थर होते. ते साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, ग्रामपंचायतीची तोंडी परवानगी घेऊन, स्वच्छ केले; आम्ल किंवा तारेचा ब्रश अजिबात वापरू नये. सकाळी लवकर, ऊन तिरके पडते तेव्हा, अक्षरे फोटोत स्पष्ट येतात.

नावांचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मृत्यू पावलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर घेतला. हा शोध मोफत आहे. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधील, मोहिमेत सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पल्टणी होत्या. कूत येथील वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला आणि त्या आघाडीवर गेलेल्या, थडगे ज्ञात नसलेल्या सैनिकांची नोंद बसरा स्मारकाखाली आहे. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. इंग्रज कारकुनाने ऐकू येईल तसे गावाचे नाव लिहिल्यामुळे एकाच गावासाठी चार-पाच स्पेलिंग करून पाहावी लागतात. आडनावाऐवजी तालुक्याच्या नावाने शोधणे अधिक फळाला येते. आण्णांना आठवणाऱ्या नावांपैकी एक, वडिलांच्या नावासकट, त्या यादीत सापडले. मी ते वाचून दाखवले तेव्हा त्यांनी त्या घराण्यातील आजच्या मुलाला बोलावणे धाडले. त्या घरात पणजोबा ‘लामच्या देशात गेला, आला न्हाई’ एवढेच माहीत होते. जिथे गावाच्या नावाबद्दल खात्री झाली नाही, तिथे मी ‘संभाव्य’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि पाटीवरील आकड्याशी यादी जुळवून आणण्याचा प्रयत्न केलेला नाही.

पावसाळ्यात ध्वनिफिती लिहून काढल्या. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज लागतात. आण्णांच्या बोलण्यात पाटणची बोली आणि फौजी हिंदी एकत्र येते. ती शुद्ध करण्याचा मोह मी टाळला, कारण ‘हुकूम आला, मूव्ह करा’ याचे प्रमाण मराठी केले की बोलणारा माणूस नाहीसा होतो. त्यांचे बोलणे, कागदांतून कळलेले आणि माझी टिपणे हे तीन भाग पानावर वेगळे ठेवले. कागद आणि आठवण यांत फरक आढळला तिथे आठवणीला हात न लावता खाली टीप दिली.

दिवाळीत संपूर्ण मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोन माणसांची नावे गाळायला लावली, एका सुभेदारांविषयीचे कडक वाक्य स्वतःहून सौम्य केले आणि नदी ओलांडतानाचा भाग पुन्हा ऐकून एक सुधारणा सांगितली : नाव वल्हवणारा माणूस म्हातारा नव्हता, पोरसवदा होता आणि उतरताना त्याने सर्वांच्या हातात मूठमूठ चिवडा दिला होता. हा तपशील त्याआधी एकाही बैठकीत आला नव्हता. शेवटी साध्या कागदावर संमतिपत्र केले : मजकूर कोणी वाचावा, ध्वनिफीत कोणाला ऐकवावी, कोणता भाग कधीच उघड करायचा नाही. त्याच्या दोन प्रती, एक त्यांच्या पेटीत आणि एक माझ्याकडे.

कराडला मजकुराच्या छापील प्रती काढून त्यांना स्पायरल बांधणी केली. एका प्रतीला दोनशे रुपयांपेक्षा कमी खर्च आला. १६ डिसेंबरला, विजय दिवशी, एक प्रत गावच्या शाळेला आणि एक वाचनालयाला दिली, चावडीच्या पाटीविषयीची पाने ग्रामपंचायतीत लावली. ध्वनिफिती मूळ स्वरूपात दोन वेगवेगळ्या घरांत ठेवल्या आहेत आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख व विषय लिहिला आहे. शेजारच्या वाडीत १९६५ च्या लढाईतील एक नायक आहेत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याकडे आण्णा मला स्वतः घेऊन गेले, आणि त्यांच्या डिस्चार्ज बुकाचे फोटो काढून झाले आहेत.